अंगणच वाकडं होतं

मालाड पश्चिमेला एस. व्ही. रोड ओलांडून कांचपाड्यात शिरलं, की रामचंद्र लेनच्या आसपास अजून काही जुने इंडस्ट्रियल गाळे तग धरून आहेत. बाजूला टॉवर उठले, लिंक रोडच्या पलीकडे काचेच्या इमारती आल्या, तरी गाळ्यांतली लेथ, प्रेस आणि मोल्डिंगची मशीनं चालूच राहिली. त्यातल्याच एका गाळ्यात मसाले दळतात. चार पल्व्हरायझर, एक सायक्लोन आणि या सगळ्यातली हवा खेचणारा वीस हॉर्सपॉवरचा एक ब्लोअर. तो ब्लोअर मी बनवला होता. डिझाइन माझं, ड्रॉइंगवर सही माझी. तेव्हा पुढे जे काही सांगतो आहे, त्यात दोष द्यायला दुसरं कोणी नाही.

मी डिप्लोमा करून पंख्यांच्या धंद्यात पडलो, त्याला आता पस्तीसेक वर्षं होत आली. राहतो मालाड पूर्वेला. पंखा, ब्लोअर, एक्झॉस्ट बनवून द्यायचे आणि कुणाचं मशीन थरथरायला लागलं की पेटी खांद्याला लावून जायचं. पेटीत एक व्हायब्रेशन मीटर, फेज बघायला स्ट्रोब लाइट, डायल गेज, खडू आणि नटबोल्टांचा डबा. खडू जुन्या मिस्त्रींकडून शिकलेली गोष्ट. फिरत्या शाफ्टजवळ हळूच खडू धरायचा. शाफ्ट जिथं बाहेर फेकला जातो तिथं खूण उमटते. मीटर नव्हते तेव्हा लोकांनी याच खडूवर मोठमोठे पंखे बॅलन्स केले.

ब्लोअर बसला २०१३ च्या फेब्रुवारीत. एप्रिल-मे हा त्या गाळ्याचा सुगीचा काळ. पाकीटबंद माल वर्षभर निघतो, पण मे महिन्यात घरगुती दळणंही येतात. ओर्लेम, खारोडी, मार्वेकडच्या ईस्ट इंडियन बायका वर्षाच्या बॉटल मसाल्यासाठी उन्हात वाळवलेल्या मिरच्या पिशव्या भरभरून आणतात, मालवणी मसाला करणाऱ्यांची वेगळी रांग. त्या दोन महिन्यांत ब्लोअर दिवसाला बारा-बारा तास चालला आणि कुरकुरला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शेठचा फोन आला. "भाऊ, तुमचा पंखा माळा घेऊन खाली येणार बहुतेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला पोचलो. सबवेत पाणी होतं, म्हणून स्टेशनच्या पुलावरून पेटी वाहून नेली. सकाळीच जायचं कारण साधं होतं. दळण सुरू झालं की त्या माळ्यावर पाच मिनिटं उभं राहवत नाही, डोळ्यांना धारा लागतात. ब्लोअर चालू करून बेअरिंगवर मीटर लावला. आडव्या दिशेत सेकंदाला ५.८ मिलिमीटर. अशा मशीनला साडेचारपर्यंत चालतं, सातच्या वर गेलं तर बंद करा असं प्रमाणकं सांगतात. म्हणजे काळजीचं, पण माळा खाली यावा असं काही नव्हतं. मी बॅलन्सिंग केलं. एका पातीवर माहीत असलेलं वजन लावायचं, थरथर किती आणि कुठल्या बाजूला बदलली ते बघायचं, त्यावरून खरं वजन आणि खरी जागा काढायची. तासाभरात आकडा २.४ वर आला. शेठनं चहा पाजला.

वजनाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. त्या पंख्याचं चक्र हबसकट ४० किलोचं, फेरे मिनिटाला १,४५०. सर्वसाधारण पंख्यांना जी बॅलन्सची प्रत लागते, त्या हिशेबानं ३०० मिलिमीटर त्रिज्येवर फक्त साडेपाच ग्रॅमची चूक माफ आहे. चाळीस किलोत चमचाभर साखर.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा सकाळी गेलो, पुन्हा वजन लावलं, पुन्हा अडीचच्या आत. चार दिवसांनी परत तेच. या वेळी शेठ जरा कडक आवाजात म्हणाला, "भाऊ, तुम्ही असताना पंखा शहाणा असतो. तुम्ही पुलावर पोचेपर्यंत त्याचं डोकं फिरतं. तुमचा मीटर खोटं बोलतो का?" मी बेअरिंगवर घसरलो. ६२१० नंबरचं सी-थ्री बेअरिंग. यात आतली फट १८ ते ३६ मायक्रॉन कितीही असू शकते. एकाच खोक्यातल्या दोन बेअरिंगांत दुपटीचा फरक निघाला तरी दोन्ही कायदेशीर. मी बेअरिंग बदलून दिली, स्वतःच्या खर्चानं. काही उपयोग झाला नाही. मग पट्टे बदलले. मग विजेच्या व्होल्टेजला नावं ठेवली. नाचता येईना म्हणून अंगणाला शिव्या देण्यातला तो प्रकार होता, फक्त अंगण सोडून मी बाकी सगळ्याला शिव्या दिल्या.

कोडं सोडवलं मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या मावशींनी. त्या माळ्याच्या बरोबर खाली बसायच्या. मी सामान आवरत होतो तर म्हणाल्या, "दादा, सकाळी येऊन काय बघता? सकाळी तो गप्पच असतो. जेवणानंतर अंगात येतं त्याच्या. माझा पाण्याचा तांब्या बघा ना दुपारी, तोंडापर्यंत लाटा येतात."

रात्री काम संपलं की फिटर पंख्याचं झाकण उघडून पाती घासून जायचा, हे मला माहीत होतं. नव्हे, ती सूचना मीच दिली होती. म्हणजे मी दर वेळी स्वच्छ पंखा बॅलन्स करत होतो आणि तो चालत होता मळका. उन्हाळ्यात पूड कोरडी, उडून जायची. पावसाळी हवेत मिरचीचं तेल आणि ओल मिळून पातींवर लेप बसायला लागला होता.

त्या दिवशी थांबलो. नाकातोंडाला ओला रुमाल बांधून दुपारी तीनला माळ्यावर चढलो. आकडा ९.६. स्ट्रोब लाइटमध्ये सकाळची खूण जिथं दिसली होती, तिथून जवळजवळ तीस अंश सरकलेली. शिंका देत ब्लोअर बंद करायला लावला, पातींवरचा लेप खरवडून वजनाला टाकला. पावणेतीन-तीन किलो भरला. साडेपाच ग्रॅमच्या हिशेबात तीन किलो! आधी वाटलं, संपलं, हेच कारण. पण लेप बराचसा सारखा बसला होता, सगळ्या पातींवर थोडा थोडा. जो वाकडातिकडा होता त्यानं थरथर वाढावी हे खरं, पण चौपट होण्याएवढा वाकडा तो नव्हता. आणि खूण का सरकावी, याचं उत्तर त्यात पूर्ण मिळत नव्हतं.

खूण सरकते तेव्हा एका गोष्टीचा वास येतो. मशीन आपल्या स्वतःच्या कंपनाच्या आकड्याजवळ चालतं आहे. लिबर्टी गार्डनमधल्या झोपाळ्यावर पोराला ढकलताना हे आपण सगळेच करतो. झोपाळ्याच्या लयीत हात लावला तर बोटाच्या धक्क्यानं पोर आभाळाला टेकतं. पंख्यात धक्का देणारं असंतुलन असतं आणि झोपाळा असतो शाफ्ट, बेअरिंग, फ्रेम मिळून. या लयीच्या अगदी जवळ असताना चिमूटभर बदलानं थरथर कितीही वाढते आणि तिची दिशाही फिरते. त्या जागी केलेलं बॅलन्सिंग हे वाळूवर काढलेल्या रांगोळीसारखं. काढताना सुरेख.

पण माझ्या ड्रॉइंगप्रमाणे हा आकडा मिनिटाला २,८५० होता! चालायचा वेग १,४५०. जवळजवळ दुप्पट अंतर. म्हणूनच तर इतके दिवस माझ्या डोक्यात हा संशय आला नव्हता, आणि म्हणूनच दहा मिनिटांची एक चाचणी मी केली नव्हती. ती आता केली. मशीन बंद ठेवून बेअरिंगच्या बाजूला लाकडी हातोडीनं ठोकायचं आणि ते कुठल्या सुरात घुमतं ते मीटरवर बघायचं. मळक्या पंख्यासह सेकंदाला २४.६ कंपनं. साफ केल्यावर २५.५. फ्रेमचे दोन अँकर बोल्ट अर्धा आटा ढिले सापडले, ते आवळल्यावर २६.१. एकच मशीन, एकच दुपार आणि तीन आकडे. चालण्याचा वेग सेकंदाला २४.२ फेरे. कागदावरचं दुप्पट अंतर प्रत्यक्षात हातभरही नव्हतं, आणि दिवसभर बसणारा लेप पंख्याला तासातासाला त्या खड्ड्याकडे ढकलत होता. सकाळी कडेवर, दुपारी आत.

घरी आलो आणि ड्रॉइंगची फाइल काढली. शाफ्टचा व्यास ५० मिलिमीटर, दोन बेअरिंगांतलं अंतर ५००, चक्र बाहेर लटकतं २५० वर. हे सगळं बरोबर होतं. बेअरिंगच्या खालच्या आधाराचा ताठपणा मी धरला होता असा, की एक मिलिमीटर हलवायला दहा हजार किलो लागावेत. हा आकडा आला कुठून? जमिनीवर काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवलेल्या ब्लोअरसाठी मी वर्षानुवर्षं हाच धरत आलो होतो. तिथं तो चालतो. इथं ब्लोअर बसला होता माळ्यावर, कमरेएवढ्या अँगलच्या फ्रेमवर. जागा नव्हती म्हणून शेठनं ऐन वेळी वर चढवायला सांगितलं, मी "हो" म्हणालो आणि ड्रॉइंगमधला आकडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चेन ब्लॉक लावून बेअरिंगचं पेडेस्टल आडवं ओढलं. शंभर किलोचा ताण दिला आणि डायल गेज बघितलं. काटा २८ घरं सरकला, म्हणजे ०.२८ मिलिमीटर. एका मिलिमीटरला साडेतीनशे किलो. धरले होते दहा हजार. दुसऱ्या बेअरिंगला ३३ घरं. माझ्या तोवरच्या सगळ्या धंद्यात मी अशी फ्रेम ओढून कधी पाहिली नव्हती, हे कबूल करायला हवं. शाफ्ट कितीही जाड घ्या, तो गादीवर ठेवलात तर गादीच हलणार. २,८५० ज्या सूत्रातून आले होते, त्याच सूत्रात साडेतीनशेचा आकडा घातला तेव्हा उत्तर १,५३० आलं. सूत्रानं मला कधीच फसवलं नव्हतं.

त्या दिवसांत पुतणी आमच्याकडे राहायला होती. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. मी टेबलावर कागद पसरून बसलेलो, ती मागून डोकावली. म्हणाली, "काका, तुम्ही ताठपणाला एकच आकडा का लिहिला? वजनाला पण एकच. तुम्हीच म्हणता ना, लेप बसतो, बोल्ट ढिले होतात?" मी म्हटलं, सूत्रात एकच आकडा जातो. ती हसली. "मग सूत्र दोन हजार वेळा सोडवायचं."

रात्री तिनं एक्सेलमध्ये ते करून दाखवलं. ताठपणा अडीचशे ते आठशे किलोच्या मध्ये कुठंही, चक्राचं वजन ४० ते ४३ किलोच्या मध्ये कुठंही. प्रत्येक ओळीत संगणक दोन्ही आकडे चिठ्ठी काढल्यासारखे उचलतो आणि उत्तर लिहितो. याला मॉन्टे कार्लो म्हणतात, असं ती म्हणाली. जुगाराच्या गावाचं नाव. अणुबॉम्बच्या कामातल्या गणितज्ञांनी ही रीत वापरात आणली आणि १९४९ मध्ये मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी तिच्यावर निबंध लिहिला. उत्तरं आली १,३०० पासून २,००० पर्यंत पसरलेली. चालण्याच्या वेगाच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे किती पडली ते मोजलं. दर दहातली तीन. म्हणजे मी असे दहा ब्लोअर दहा माळ्यांवर बसवले असते, तर तीन शेठांनी मला फोन केले असते आणि सात जणांनी मला हुशार म्हटलं असतं. माझा आजवरचा नावलौकिक त्या सातांवर तर उभा नाही ना, असं त्या रात्री वाटून गेलं.

आणि ही झाली फक्त लयीची गोष्ट. त्या लयीवर नेमकं सापडल्यावर थरथर किती वाढेल, हे ठरवतं डॅम्पिंग. कंपन जिरवण्याची फ्रेमची ताकद. बोल्टांनी जोडलेल्या लोखंडी फ्रेमला ते एक टक्का धरा की तीन टक्के, कुणी तुम्हाला चूक म्हणणार नाही. पण एक टक्क्याला धक्क्याची थरथर पन्नासपट होते आणि तीन टक्क्यांना सतरापट. हा आकडा ड्रॉइंगवर कुणीच लिहीत नाही, आणि मोजल्याशिवाय लिहूही नये.

चुकलेल्यांच्या पंगतीत मी एकटा नाही, एवढाच दिलासा. रँकिन नावाचा मोठा स्कॉटिश इंजिनिअर. त्यानं १८६९ मध्ये गणितानं दाखवलं, की शाफ्टला एक ठरावीक वेग असतो आणि त्याच्या पलीकडे तो चालवताच येणार नाही. लोकांनी ते खरं धरलं. पुढं स्वीडनच्या द लावालनं, दुधातून साय काढायच्या यंत्रावर आधी नाव कमावलेला हा माणूस, मुद्दाम बारीक लवचीक शाफ्ट घेतला आणि आपली वाफेची टर्बाइन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत नेली. तो वेग ओलांडला की शाफ्ट उलट शांत होतो. असं का होतं याचा नीट उलगडा जेफकॉटनं केला १९१९ मध्ये. पन्नास वर्षं गेली त्यात. माझे पाच आठवडे गेले.

थट्टा बाजूला ठेवतो, कारण हे प्रकरण नेहमी शेठच्या फोनवर थांबत नाही. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीज केंद्रात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातली दोन पाती थकव्यानं तुटली. पाती गेल्याबरोबर रोटरचं संतुलन गेलं, त्या थरथरीनं सील फुटून हायड्रोजन बाहेर आला आणि आग लागली. अणुभट्टी सुरक्षित बंद झाली, पण केंद्रातली वीज कित्येक तास गेली. आमच्या धंद्यातली माणसं ती तारीख विसरत नाहीत. मसाल्याच्या माळ्यावरचं चाळीस किलोचं चक्र सुटलं असतं, तर... मावशी बरोबर त्याच्या खाली बसायच्या.

उपाय दोन होते. पुली बदलून वेग खाली आणायचा, नाहीतर फ्रेम ताठ करायची. पहिला मला आवडला होता. वेग दहा टक्के कमी केला की हवाही दहा टक्केच कमी होते, पण विजेची ओढ सत्तावीस टक्के उतरते. शेठ म्हणाला, "हवा कमी करू नका, आत्ताच माणसं खोकतात." ते रास्त होतं. शिवाय पुतणीच्या कागदानं दुसरी गोष्ट दाखवली होती. आकडे जिथं पसरलेत, तिथून वेग थोडासा हलवून सुटका नाही, खालच्या बाजूलाही १,३०० पर्यंत उत्तरं होतीच. म्हणून फ्रेमला दोन्ही अंगांनी अँगलच्या कैच्या मारल्या, पायाच्या पट्ट्या जाड केल्या, आणि माळ्याच्या खालून बीमला आधार दिला. वेल्डरची एक रविवारची मजुरी आणि दीडशे किलो लोखंड. पैसे मीच दिले. शेठनं अर्धे देऊ केले होते, ते घेतले असते तरी चाललं असतं असं बायकोचं मत आहे.

मग पुन्हा चेन ब्लॉक, पुन्हा डायल. शंभर किलोला काटा १० घरांत थांबला. हातोडीनं ठोकलं, तर साफ पंख्याला ३५ आणि मळक्याला चौतीसच्या जरा खाली. चालण्याच्या २४.२ पासून आता दोन्ही लांब. या वेळी बॅलन्सिंग दुपारी केलं, मिरचीत उभं राहून. संध्याकाळी २.१, दुसऱ्या दुपारी लेपासकट २.८. मावशींचा तांब्या शांत.

शेठनं बिलावर सही करताना विचारलं, "आता गॅरंटी?" पूर्वी मी छातीठोक "हो" म्हणालो असतो. त्याला सांगितलं, बोल्ट महिन्याला आवळा, पंखा रोज झाडा, आणि पाच किलोपर्यंत लेप बसला तरी काही होणार नाही एवढं मोजून सांगतो. पाचाच्या वर मला माहीत नाही. तो थोडा नाराज झाला. लोकांना "माहीत नाही" विकत घ्यायला आवडत नाही, आणि बिलात त्याला रकानाही नसतो.

तेव्हापासून माझ्या ड्रॉइंगवर त्या ओळीत दोन आकडे असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. काही गिऱ्हाइकं विचारतात, नक्की कुठला धरायचा? दोन्ही, म्हणतो. बसवायला जातो तेव्हा लाकडी हातोडी पेटीत असते आणि मशीन चालू करायच्या आधी ठोकून बघतो, कागदावर काहीही असो. कांचपाड्यातला तो ब्लोअर अजून त्याच माळ्यावर चालतो. गेल्या पावसाळ्यात दुपारी तीनला लावलेला मीटर २.९ दाखवत होता.